कट पटतो का? घरबसल्या आंतरराष्ट्रीय थरारपट जोखण्याची रीत

कटाचा थरारपट संपला की घरात दोनच निकाल ऐकू येतात. ‘भारी होता’ किंवा ‘काय कळलंच नाही बघ’. दुसऱ्या निकालात बऱ्याचदा चित्रपटावर अन्याय होतो, कारण न कळण्याची निम्मी कारणं हॉलमध्येच असतात. टीव्ही लांब, आवाज हिंदी डबचा, मध्ये दोनदा वीज गेलेली, आणि नायिकेच्या हाती तो कागद पडला नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी. पहिला निकालही तितकाच कच्चा. शहरं सुंदर, पाठलाग जोरात, संगीत छाती धडधडवणारं. पण कट करणाऱ्यांना नक्की काय हवं होतं असं विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघतात.

या जातीच्या चित्रपटाला खरा प्रश्न एकच विचारायचा. कट रचणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं वागणं शहाण्या माणसासारखं वाटतं का? अभिनय, छायाचित्रण, मारामारी हे सगळं त्यानंतर. पण हा प्रश्न विचारण्याआधी चित्रपट धड दिसला आणि ऐकू आला पाहिजे, म्हणून सुरुवात खोलीपासून.

खोली, वीज आणि पडदा

बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडच्या हॉलमध्ये सोफा सहसा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो, टीव्हीपासून दहा-बारा फुटांवर. मालिकेला ते चालतं. कटाच्या चित्रपटात पुरावा मात्र बारीक अक्षरांत असतो. फोनवरचा संदेश, पासपोर्टवरचं नाव, फाईलच्या कोपऱ्यातली तारीख. ४३ इंची टीव्हीचा कर्ण १०९ सेंटिमीटर, आणि चांगलं अंतर कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट, म्हणजे साडेपाच ते सव्वासहा फूट. खुर्ची पुढं ओढा. असे बरेच चित्रपट रुंद चौकटीत घेतलेले असतात, २.३९ ला १ या प्रमाणात. मग ४३ इंची पडद्याची ५३ सेंटिमीटर उंची पूर्ण वापरली जात नाही. चित्र सुमारे ४० सेंटिमीटरचं आणि वर-खाली सात-सात सेंटिमीटर काळी पट्टी. पट्टी घालवायला म्हणून ‘झूम’ दाबू नका. झूम केलं की कडेला उभा असलेला माणूस कापला जातो, आणि अशा चित्रपटात कडेला उभा असलेला माणूसच महत्त्वाचा.

टीव्हीत तीन गोष्टी आधी बदला. एक, चित्रात मधल्या चौकटी (फ्रेम) स्वतः तयार करून घालणारी सोय बंद करा. एलजीवर ती ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावानं सापडते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही त्यात भर घालतो आणि सगळं स्टुडिओत घेतलेल्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. छायाचित्रण स्वस्त वाटलं तर आधी ही सोय तपासा आणि मगच दिग्दर्शकाला नावं ठेवा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडावा, बाकी खटाटोप वाचतो. दोन, ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ घ्या. व्हिव्हिडमध्ये गाड्यांच्या तळघरातला अंधार करडा होतो आणि खांबामागचा माणूस दहा सेकंद आधीच दिसतो. तीन, ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागं एखादा छोटा दिवा ठेवा.

आवाजाची तक्रार सगळ्यात जास्त आणि उपाय सगळ्यात सोपा. ॲप पुष्कळदा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा, आवाज निवडतं, टीव्हीला मात्र दोनच स्पीकर. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात; दोन स्पीकरांत ते ओतताना दबतात, आणि स्फोट मात्र शेजारच्या वाड्यापर्यंत जातो. आवाजाच्या यादीत ‘स्टिरिओ’ असेल तर तो घ्या. नसेल तर टीव्हीतला ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम पर्याय लावा. ‘नाइट मोड’ किंवा आपोआप आवाज सारखा करणारी सोय लावलीत तर रात्री घरातले झोपतील, पण मग ‘ध्वनिमुद्रण सपाट होतं’ असं म्हणायचा हक्क राहत नाही. आणि चिरमुऱ्यांचं भडंग मध्यंतरापर्यंत थांबवा. ज्या प्रसंगात दोघं गाडीत बसून कुजबुजतात तिथंच वाटीत चमचा वाजतो.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात काय, बेळगाव शहरात काय, वीज जाणं धरूनच चालावं. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ७० ते १०० वॉट घेतो, वायफायचा राउटर १० ते १५. पुष्कळ घरांत टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो, मग चित्र गोल फिरत बसतं. दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. १५० एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर पंख्यासकट चार-पाच तास सहज निघतात. मोबाईलच्या डेटावर बघणार असाल तर एचडीला तासाला सुमारे ३ जीबी जातात. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा पाऊण तासात संपेल, आणि नंतरच्या धूसर चित्रावरून कुणाचा चेहराही ओळखू येणार नाही. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवावं. बहुतेक ॲपवर ही सोय फोन-टॅबवरच असते, हे लक्षात घेऊन.

कोणती प्रत बघताय?

सुरू करण्याआधी लांबी बघा. टीव्ही वाहिनीवरची प्रत सहसा कापलेली असते, आणि कापताना नुसती हिंसा जात नाही, तिच्यासोबत दोन संवादही जातात. ‘हा मध्येच कुठून आला?’ या प्रश्नाचं उत्तर कधी कधी त्या कापलेल्या दोन मिनिटांत असतं. ॲपवर दिलेली लांबी आणि मूळ चित्रपटगृहातली लांबी पडताळून घ्या. जुन्या डीव्हीडीवर चार-पाच मिनिटं कमी दिसली तर लगेच ओरड नको: आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असत, त्यामुळं २४ चौकटींचा १२० मिनिटांचा चित्रपट काही न कापताही ११५ मिनिटांत संपतो.

भाषेचा निर्णय सगळ्यात मोठा. आंतरराष्ट्रीय कटात कुणाला कोणती भाषा कळते हाच पुरावा असतो. हिंदी डबमध्ये रशियन, फ्रेंच, अरब, अमेरिकन सगळे एकाच मुंबईच्या स्टुडिओतल्या हिंदीत बोलतात; मग वेटरला जर्मन कळत होतं हा धक्का बसतच नाही. मूळ आवाज आणि खाली अक्षरं, हीच जोडी घ्या. इथल्या माणसाला हे पटवून द्यायला नको. बाजारात मराठीत भाव करून, कन्नडमध्ये पावती मागून, हिंदीत भांडण मिटवणारे आपण. दुकानदार फोनवर कुणाशी कोणत्या भाषेत बोलायला लागला यावरून पलीकडं कोण आहे हे ओळखतो. तोच कान इथं लावायचा.

अक्षरांच्या यादीत बारकाईनं निवडा. साधी इंग्रजी आणि ‘सीसी’ लिहिलेली इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी. सीसी ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असते आणि तिची गरज असेल त्यानं ती जरूर लावावी. पण तीत बोलणाऱ्याचं नाव छापतात. अंधारातून आवाज येतो, चेहरा अजून दाखवलेला नाही, आणि खाली नाव हजर! दीड तासाचं रहस्य कंसात फुटतं. अक्षरं पूर्ण बंद केली तर उलटा घोळ होतो: इंग्रजी चित्रपटातल्या चार रशियन वाक्यांचं भाषांतरही कधी कधी गायब होतं. आणि एक गोष्ट गृहीत धरा, अक्षरांत संवाद आखडता घेतलेला असतो. एका वेळी दोन ओळी आणि ओळीत चाळीसेक अक्षरं एवढीच जागा, त्यामुळं भरभर बोलणाऱ्या वकिलाच्या तोंडची एखादी तारीख किंवा आडनाव गळतं. आकडा ऐकू आला आणि खाली दिसला नाही, तर थांबवून पुन्हा ऐका.

पहिली वीस मिनिटं

इथं निकाल द्यायचा नाही, फक्त तीन गोष्टी टिपायच्या. कुणाचं काय हरवलं किंवा कोण मेलं. त्यातून कुणाचा फायदा झाला असं चित्रपट भासवतोय. आणि नायक या भानगडीत कसा अडकला. अडकण्याच्या क्षणी योगायोग चालतो. चुकीच्या खोलीत शिरला, दुसऱ्याची बॅग उचलली, टेलिफोन चुकून लागला, सगळं माफ. संकटात टाकणारा एक योगायोग प्रेक्षक हसत पत्करतो. सोडवणारा योगायोग मात्र, मग तो शंभराव्या मिनिटाला आला तरी, लाल शाईनं टिपून ठेवायचा.

वीस मिनिटं झाली तरी कुणाला काय हवंय याचा पत्ता नाही, अशी अवस्था असेल तर घाबरू नका. सत्तरच्या दशकातले या प्रकारचे कित्येक चित्रपट मुद्दाम असेच सुरू होतात. बघायचं ते एवढंच, की न कळणं नायकाचंही आहे की फक्त आपलं. नायकाला सगळं ठाऊक आणि आपल्यापासून लपवलेलं, असं असेल तर पुढं फसवणूक होण्याची शक्यता मोठी.

उधारीची वही

ही या लेखातली मुख्य रीत. वहीच्या पानावर चार रकाने आखा: मिनिट, कुणाला काय कळलं, कसं कळलं, पुढं कुठं उपयोगी पडलं. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखंच. तिसरा किंवा चौथा रकाना रिकामा राहिला की ती उधारी चित्रपटाच्या नावावर.

एक कल्पित कथा घेऊन करून पाहू. २६ व्या मिनिटाला रॉटरडॅम बंदरातल्या कारकून बाईला एकाच कंटेनरचा क्रमांक दोन वेगळ्या जहाजांच्या कागदांवर दिसतो. कसं कळलं? तिचं कामच ते. रकाना भरला. कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरं आणि सात आकडे असतात, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून हिशेब करून काढलेला पडताळणीचा आकडा असतो; त्यामुळं मनानं ठोकून दिलेला क्रमांक सहज पकडला जातो. लेखकाला हे ठाऊक असेल आणि त्यानं ते वापरलं असेल, तर शेऱ्यात एक शाबासकी. ३१ व्या मिनिटाला ती साहेबाला सांगते, दार उघडं आहे. ३८ व्या मिनिटाला साहेब मेलेला. ४४ व्या मिनिटाला ती रोख पैसे देऊन मार्सेयचं तिकीट काढते, फोन कालव्यात टाकते. ४९ व्या मिनिटाला मार्सेयच्या स्टेशनात करड्या कोटातला माणूस आधीच उभा.

याला कसं कळलं? वही मागं चाळा. ३५ व्या मिनिटाला तिनं बहिणीला ‘मी दक्षिणेकडं येते’ असं सांगितलं असेल आणि बहिणीच्या घरासमोर व्हॅन उभी दाखवली असेल, तर उधारी फिटली. ५५ व्या मिनिटाला बहीणच त्यांची माणूस निघाली तर व्याजासकट फिटली. आणि काहीच नसेल, तर करड्या कोटाला पटकथा लेखकानं फोन केलेला आहे. अशी एक-दोन उधारी चांगल्या चित्रपटातही राहते. तीनच्या वर गेली की कट हुशार राहत नाही. कथेला हवं तेव्हा हवं ते कळणारी भुतं उरतात.

टिपताना सारखं थांबवू नका. दर पाच मिनिटांनी थांबवलं की कुठल्याही चित्रपटाची लय मोडते आणि दोष त्याच्या माथी जातो. नुसतं मिनिट आणि दोन शब्द: ‘४९, करडा कोट?’ एवढं पुरे. एकदाच, साधारण निम्म्यावर, दहा मिनिटांची विश्रांती घ्या आणि तेव्हा घरातल्या प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा: फितूर कोण आणि का वाटतं. ‘का’ लिहिल्याशिवाय चिठ्ठी घ्यायची नाही. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही. सगळ्यांनी ‘नावाजलेला नट आहे आणि अजून काही काम केलेलं नाही’ हेच कारण लिहिलं असेल, तर मात्र पात्रनिवडीनंच रहस्य फोडलंय.

मागच्या बाकावरून ‘तो मघाशी मेलता की!’ असा आवाज आला तर तोही टिपा. दोन पात्रांत गल्लत होते तेव्हा बघणाऱ्याचं लक्ष नव्हतं, की सूट घातलेले चार गोरे सारखेच दिसतात आणि दिग्दर्शकानं त्यांना वेगळं करायला काहीच केलं नाही? चष्मा, लंगडणं, आवाज, बसण्याची ढब, अशी एक तरी खूण प्रत्येकाला दिलेली असते. ती नसेल तर चूक तुमच्या काकांची नाही.

कट करणाऱ्यांच्या खुर्चीत

चित्रपट संपल्यावर चहा घेता घेता हे करायचं. सगळ्यात आधी कटाचा हेतू एका ओळीत लिहा: कुणाला, काय, केव्हापर्यंत हवं होतं. ‘एका बँकेला त्या कर्जावर ताबा हवा, निवडणुकीच्या आधी’ अशी ओळ लिहिता आली तर पाया आहे. ‘जगावर सत्ता’ एवढंच लिहिता आलं तर पुढचे प्रश्न त्याला झेपणार नाहीत.

मग माणसं मोजा. सगळं ठाऊक असलेली, अर्धं ठाऊक असलेली, आणि नुसते पैसे घेऊन काम केलेली. प्रत्येक जण गप्प का, याचं कारण समोर लिहा: पैसा, भीती, निष्ठा, किंवा त्याला आपण कटात आहोत हेच ठाऊक नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात पटणारा असतो. बंदरावरचा ड्रायव्हर, छपाईवाला, सही करणारा उपसचिव, यांना फक्त आपापलं काम ठाऊक. चित्रपटात दोनशे जण सगळं जाणतात आणि एकही दारू पिऊन बोलत नाही, असं असेल तर तिथं गुण कापा. आपल्याकडं गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीचा घोळ तीन जणांत राहत नाही.

त्यानंतर सोपा रस्ता शोधा. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला मारायला ओपेरा चालू असताना छतावरून नेम धरायची गरज काय होती? तो रोज सकाळी एकटा फिरायला जायचा! अवघड रस्ता निवडायला कारण हवं: मरण सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं, किंवा आळ दुसऱ्यावर टाकायचा होता. कारण चित्रपटातच सापडलं पाहिजे. आपण बसून त्याच्यासाठी शोधून द्यायचं नाही.

आणि शेवटी नायकाला काढून टाका. तो घरीच झोपून राहिला असता तर कट तडीस गेला असता का? पुष्कळ चित्रपटांत उत्तर असं येतं, की नायकाला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्यामागं तीन देशांत गाड्या उडवल्या म्हणूनच सगळं उघडं पडलं. हा या जातीतला सगळ्यात नेहमीचा दोष. घाबरलेल्या कनिष्ठानं परस्पर हुकूम दिला आणि वरचे चिडले, असं दाखवलं असेल तर दोषाचाच गुण होतो.

खऱ्या जगातलं माप हाताशी असलेलं बरं. १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत कुलपाची जीभ अडकू नये म्हणून दाराला चिकटपट्टी लावलेली होती. पहारेकऱ्यानं ती काढली. विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेल्या चोरांनी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा दिसल्यावर त्यानं पोलिसांना बोलावलं. तिथून सुरू झालेल्या चौकशीची अखेर ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यात झाली. ग्रीसमध्ये मे १९६३ मध्ये खासदार ग्रिगोरिस लांब्राकिस यांच्यावर थेस्सालोनिकीच्या रस्त्यात मालवाहू तीनचाकीतून येऊन हल्ला झाला आणि पाचव्या दिवशी ते गेले. अपघाताचा देखावा एका चिकट तपासन्यायाधीशानं मोडून काढला, आणि तेच ख्रिस्तोस सार्त्झेताकिस १९८५ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. याच घटनेवर कोस्ता-गाव्रास यांचा १९६९ चा ‘झेड’ आधारलेला आहे. खरे कट असे असतात: वरचे सावध, खालचे गबाळे. त्यामुळं गुंड गोंधळले म्हणून चित्रपटाला हसू नका. ज्या कटात कुणीच कधी चुकत नाही, त्यावर संशय घ्या.

कायदा आणि यंत्रं: नेहमीच्या थापा

सीमाभागात राहणाऱ्याला हद्द म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. बेळगावात गुन्हा करून माणूस शिनोळीमार्गे चंदगडला किंवा चोर्ला घाटानं गोव्यात गेला, की तिथल्या पोलिसांची मदत घ्यावी लागते. हे तर एकाच देशात. मग लंडनचा अधिकारी रोममध्ये पिस्तूल काढून कुणाला अटक करतो तेव्हा भुवई वर जायलाच हवी. इटलीचा अधिकारी सोबत आहे का, तो नाराज आहे का, कागद कुठाय? चांगले चित्रपट या नाराजीतूनच प्रसंग काढतात.

इंटरपोलकडं अटक करणारी स्वतःची फौज नाही. फ्रान्समधल्या लियाँला मुख्यालय, आणि काम देशोदेशींच्या पोलिसांमध्ये माहिती पोचवण्याचं. ‘रेड नोटीस’ ही विनंती असते. ती वॉरंट नव्हे. दूतावासाची जागा परदेशाची भूमी होत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार तिथं यजमान देशाच्या पोलिसांना परवानगीशिवाय शिरता येत नाही, एवढंच. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत: आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं देश उभे राहतात, माणसांवरचे खटले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात चालतात. आणि दोन्हीकडं निकाल आठवड्यात लागत नाही. सीमावादावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा ज्यांच्या घरच्या बोलण्यात आहे, त्यांना हे सांगायला नको.

पैशाची थाप अशी असते: कळ दाबली, संगणकाच्या पडद्यावरची पट्टी भरली, दहा अब्ज डॉलर गेले. ‘स्विफ्ट’ ही बँकांमधली निरोपांची यंत्रणा आहे. पैसा बँकांच्या एकमेकांकडच्या खात्यांतून फिरतो, आणि मोठी रक्कम थांबवून विचारणा करणारी माणसं असतात. स्वित्झर्लंडच्या नुसत्या क्रमांकाच्या खात्यातही खातेदाराचं नाव बँकेला ठाऊक असतं. मालाचं तसंच. निपाणीहून कागलला पन्नास हजारांवरचा माल न्यायचा तरी ई-वे बिल लागतं. इथं क्षेपणास्त्रं तीन बंदरं ओलांडतात आणि कागद कुणीच बघत नाही? कागद खोटे दाखवा, अधिकारी विकत घेतलेला दाखवा, पण काहीतरी दाखवा.

‘अजून वीस सेकंद बोलत ठेव, पत्ता सापडेल’ हे जुन्या यांत्रिक टेलिफोन केंद्रांच्या काळातलं. डिजिटल केंद्राला फोन लागतानाच क्रमांक कळतो. बंदुकीला लावलेल्या नळीनं (सायलेन्सरनं) आवाज कमी होतो, ‘फुस्स’ होत नाही. क्लोरोफॉर्मचा रुमाल दोन सेकंदांत झोपवत नाही. अंधूक कॅमेऱ्यातला चेहरा वाढवत नेला तर चौकोन मोठे होतात; जे टिपलंच गेलं नाही ते बाहेर येत नाही.

या थापांचे गुण कापताना मात्र हात आखडता ठेवा. नळीचा आवाज चुकला तर पाव गुण. कटच अशा थापेवर उभा असेल, म्हणजे ती एक कळ दाबल्याशिवाय कथा पुढं सरकतच नसेल, तर मग सोडू नका.

शहरं

खाली टाइप होणारं ‘इस्तंबूल, ०६:४०’ म्हणजे आंतरराष्ट्रीयपणा नव्हे. शहर बदललं तर प्रसंग बदलतो का, एवढं विचारा. ‘द इंटरनॅशनल’ या २००९ च्या चित्रपटात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातली चकमक आहे, आणि ती घ्यायला जर्मनीत संग्रहालयाच्या आतल्या भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली होती. तो खर्च वाया गेला नाही: गोल चढत जाणारा उतार, मध्ये मोकळी पोकळी, लपायला भिंत कमी. ती चकमक दुसरीकडं तशी झालीच नसती.

आपल्याला ठाऊक असलेला देश आला की तिथं चाचणी घ्या. चित्रपट भारतात शिरला, पडदा पिवळा पडला, सतार वाजली, दुकानाच्या पाटीवर उलटसुलट देवनागरी दिसली, तर त्याच चित्रपटातल्या ट्रिपोलीवरही विश्वास ठेवू नका. नंबरप्लेट बघायची सवय आपल्याला आहेच. केए २२, केए २३, एमएच ०९ आणि गोव्याची गाडी लांबून ओळखतो. जर्मनीतही सुरुवातीची अक्षरं गाव सांगतात: बर्लिनला ‘बी’, म्युनिकला ‘एम’. स्वित्झर्लंडच्या गाडीवर प्रांताची दोन अक्षरं, झुरिकची ‘झेडएच’. प्राग स्वस्त म्हणून तिथं चित्रीकरण करून बर्लिन म्हणून खपवणं चालू असतं. तसं करायलाही हरकत नाही, पाटी बदलण्याइतकी काळजी घेतली असेल तर.

पाठलाग आणि मारामारीला एक छोटी परीक्षा पुरते. दुसऱ्यांदा बघताना एक मिनिट आवाज पूर्ण बंद करा. दार कुठं, पळणारा कुठं, मागचा किती लांब, हे नुसत्या चित्रावरून सांगता आलं तर काम चोख. नाहीतर ढोलानं वेळ मारून नेलेली.

शेवट, आणि दुसऱ्या दिवशीची वीस मिनिटं

निकाल आधी ठाऊक असणं हा दोष नाही. ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७३ चा, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायच्या कटावरचा. तेव्हा द गॉल यांचं १९७० मध्ये घरीच निधन झाल्याचं प्रेक्षागृहात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे मारेकरी हरणार हे उघड. तरी श्वास रोखला जातो, कारण कोणती पायरी कुठं निसटते हे ठाऊक नसतं. उलट, शेवटच्या दहा मिनिटांत खलनायक खुर्चीत बसून सगळं समजावून सांगतो तेव्हा वही बघा. तो सांगतोय त्यातलं किती नायकानं स्वतः शोधलं होतं? निम्म्याहून कमी असेल तर मधला दीड तास पळापळ होती, शोध नव्हता.

फितूर उघड झालेला असेल तर दुसऱ्या दिवशी पहिली वीस मिनिटं आणि त्याचे महत्त्वाचे प्रसंग पुन्हा लावा. प्रत्येक ठिकाणी विचारा: या क्षणी तो कुणाला फसवतोय? समोर नायक असेल तर ठीक. पण खोलीत तो एकटा आहे, दार लावलेलं आहे, आणि तरी मित्राच्या मरणाची बातमी वाचून त्याचे हात थरथरतात, तर ते नाटक फक्त आपल्यासाठी केलेलं. पश्चात्ताप म्हणून ते खपेल का, हे पुढच्या प्रसंगांवरून ठरतं. तिथं पश्चात्तापाचा मागमूस नसेल तर ही लबाडी, आणि तिला सवलत नाही. चांगल्या चित्रपटात याच वीस मिनिटांत गंमत दुप्पट होते. तेच वाक्य, तोच चेहरा, अर्थ दुसरा.

गुण द्यायचेच असतील तर शंभरांपैकी कटाला ४०, माहितीच्या हिशेबाला २५, माणसं आणि भाषा मिळून २०, उरलेले १५ चित्र, आवाज, पाठलाग यांना. कटाला २० च्या खाली मिळाले तर बाकीचे कितीही मिळोत, तो पाठलागाचा चित्रपट म्हणून सुचवा, कटाचा म्हणून नको. मित्रमंडळींच्या गटात चित्रपटाबद्दल लिहिताना चार ओळी पुरतात: कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रतीत बघितला, किती मिनिटांचा, कटाचा हेतू एका ओळीत सांगता येतो की नाही (हेतू स्वतः सांगायचा नाही), आणि किती उधारी राहिली. निम्म्यानंतरच्या प्रसंगातलं पात्राचं नाव लिहू नका, ‘शेवटी धक्का आहे’ असंही लिहू नका; तेवढ्यावर घरातला एखादा दहाव्या मिनिटालाच फितूर ओळखून मोकळा होतो.